आबाजींच्या वाट्याची कॅप्सूल

मागच्या उन्हाळ्यात मला गजकर्ण झालं. नेमकं कुठे ते विचारू नका. पट्टा बांधतो त्या मुलखात, एवढं समजा. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला गजकर्ण होणं म्हणजे न्हाव्याच्या डोक्यात उवा होणं. लोक हळहळत नाहीत, हसतात. म्हणून मी कोणाला न सांगता त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी तपासलं, कॅप्सूल लिहून दिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते सांगायला लागल्या. मी मान हलवत बसलो. हे सगळं मला तोंडपाठ. मॅडमचं वाक्य अर्ध्यात असतानाच मी मनात ते पुरं करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, रोजच्या सवयीनं आधी ॲसिडिटीची गोळी घेतली, तिच्यामागे ती कॅप्सूल टाकली, वरून अर्धा तांब्या पाणी प्यायलो आणि उपाशीपोटी दुकान उघडायला निघालो. रोज हेच. गजकर्ण काही हटेना. उलट त्यानं ऐसपैस जागा धरली. शेवटी मी मॅडमकडे परत गेलो आणि म्हणालो, "मॅडम, औषध काही लागू पडलं नाही."

"कशी घेता?"

मी सांगायला लागलो. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं मेडिकल स्टोअर आहे ना?"

"हो."

"अजून चालतं?"

आता हे औषधांच्या धंद्यात नसलेल्या वाचकांना समजावून सांगायला पाहिजे. अंगावर बुरशी थोडीफार असेल तर मलमानं भागतं. फार पसरली, नखात शिरली, पुन्हा पुन्हा यायला लागली, तर डॉक्टर पोटातून घ्यायचं औषध देतात. त्यातलं आमच्याकडे जास्त खपणारं म्हणजे इट्राकोनॅझोलची कॅप्सूल. ही कॅप्सूल मोठी मानकरी. तिला पोटात आधी जेवण लागतं आणि जेवणामुळे सुटणारं आम्ल लागतं. त्या आम्लात ती विरघळते, मग रक्तात जाते. तुम्ही उपाशीपोटी घेतली, किंवा आधी ॲसिडिटीची गोळी घेऊन पोटातलं आम्ल मारून ठेवलं, तर ती न विरघळता पोटातून फेरफटका मारून निघून जाते. औषधही गेलं आणि बुरशीला वाटतं, आपल्याला कोणी हातच लावत नाही.

आणि गंमत अशी की आमच्या वऱ्हाडात ॲसिडिटीची गोळी घेतल्याशिवाय दुसरी कोणतीही गोळी घेत नाहीत. मी मूळचा हिवरखेडचा, बायको अकोल्याची, दुकान अमरावतीत. तिन्ही ठिकाणी एकच समजूत. औषध गरम पडते. एकदा औषध गरम पडते असं ठरलं की त्याच्याआधी काहीतरी थंड पाहिजे. कोणी ताक पितो, कोणी सब्जा भिजवतो, आणि शिकलेला माणूस ॲसिडिटीची गोळी घेतो. आमच्या गिऱ्हाइकाला कसलीही गोळी द्या, पहिला प्रश्न हाच: "भाऊ, गरम तं नाई पडन?" रश्शावरची तिखट तर्री ओरपून घाम पुसणारा माणूस हे विचारतो.

मॅडमकडून शिकून आल्यावर माझ्या अंगात संचार झाला. घोर फजिती झालेला माणूस असा लगेच धर्मोपदेशक होतो. ज्याच्या चिठ्ठीत ती कॅप्सूल दिसेल त्याला मी काउंटरवर धरून भाषण देऊ लागलो. भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बंद करतील किंवा वेळा लांब करून देतील. कॅप्सूल फोडू नका, चावू नका. खाज थांबली म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. खाज आधी थांबते, बुरशी मागून मरते. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दारू नको, लिव्हरवर ताण येतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवण नकोसं झालं, तर कॅप्सूल थांबवा आणि डॉक्टरकडे पळा. बाई गरोदर असेल किंवा दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. हृदयाचा, लिव्हरचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

भाषण चांगलं होतं. लोक ऐकतही होते. कोण काय ऐकत होतं, हा वेगळा विषय.

एक गृहस्थ होते. त्यांनी 'फोडू नका' सोडून बाकी सगळं ऐकलं. घरी कॅप्सूल फोडली, आतले बारीक दाणे खोबरेल तेलात खलले आणि मांडीला चोपडले. म्हणे, "जिथं खाज हाय तिथंच औषध पाहिजे ना. पोटाले कुठं खाज सुटली?" या तर्काला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला ते थांबले नाहीत. एक ताई होत्या, चातुर्मास धरलेला, दिवसाकाठी एकदाच जेवायच्या. त्या फार काळजीनं विचारायला आल्या, "भाऊ, कॅप्सूलनं उपास मोडते का?" मी म्हटलं, तुमचं जे एक जेवण आहे, त्याच्याच पाठीवर घ्या, देव काही म्हणणार नाही आणि कॅप्सूल तर खूशच होईल. त्या समाधानानं गेल्या. एक तरुण पोरगा मात्र दर शनिवारी यायचा आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "काका, आज पार्टी हाय. कॅप्सूल सोडू का पार्टी सोडू?" मी म्हणायचो, पार्टी सोड. तो मान हलवून जायचा. त्याचं गजकर्ण अजून आहे. पार्ट्याही.

आणि ते मलम. त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. खाज लगेच थांबवणारं एक मलम लोक नाव घेऊन मागतात. त्यात स्टिरॉइड असतं. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी निवांत पसरत राहते. मी ते चिठ्ठीशिवाय देत नाही. मग गिऱ्हाईक चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातं आणि तिथून परत येताना मला ट्यूब दाखवत जातं.

पण सांगायचं होतं रमेशभाऊंबद्दल.

रमेशभाऊ नांदगाव पेठेच्या पुढच्या एका गावचे. घरची फुलांची शेती. शेवंती, झेंडू, निशिगंध. दिवस उजाडायच्या आत फुलं तोडायची, ओल्या फुलांच्या टोपल्या छातीशी धरून वाहायच्या, कपडे अंगावरच भिजायचे आणि अंगावरच वाळायचे. बुरशीला याहून चांगलं घर मिळणार नाही. मॅडमनी त्यांना कॅप्सूल लिहून दिली आणि ते माझ्याकडे आले. त्यांचं घर मला चांगलं माहीत. त्यांच्या वडिलांच्या, आबाजींच्या, हृदयाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच जायच्या. आबाजींच्या हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. मीठ बंद, पाणी मोजून.

मी रमेशभाऊंना पूर्ण भाषण दिलं. त्या दिवशी त्यात एक नवं वाक्यही घातलं, मॅडमकडून उचललेलं: "घरात ज्याला ज्याला गजकर्ण आहे त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यायला पाहिजे. नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि टॉवेल-चादरीवरून ते परत तुमच्याकडे येईल."

"बरोबर हाय भाऊ," रमेशभाऊ म्हणाले. "घरात एकट्यानंच औषध खाणं बरं बी नाई दिसत."

मी हसलो. मला वाटलं गंमत करून राहिले.

दसरा तोंडावर आला. फुलवाल्यांना त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. अशात एका दुपारी रमेशभाऊ दुकानात आले, अंगाला झेंडूचा वास, आणि म्हणाले, "भाऊ, तो कॅप्सूलचा पत्ता अजून एक द्या. लवकर. गाडीत माल हाय."

मी चिठ्ठी पाहिली. "पुऱ्या कोर्सच्या स्ट्रिप नेल्या होत्या, इतक्यात संपत आल्या? दुप्पट तर घेत नाही ना?"

"मी कायले दुप्पट घेऊ? मी माझी एकच घेतो. पण बाकीच्याईचं काय?"

"बाकीचे म्हणजे कोण?"

"घरचे. तुमीच सांगतलं ना सगळ्याईनं एकदम घ्यायचं म्हणून. रातच्याले जेवण झालं की आमची माय सगळ्याईले एकेक देते, आरतीनंतरच्या परसादासारखी. मंडळीले, भावाले, वहिनीले."

माझा हात कपाटाकडे जाता जाता थांबला. "आबाजींना?"

"त्याईले बी देते. त्याईले खाज नाई हाय, पण सगळे खाऊन राहिले अन् बुढ्याले नाई, तं त्याले वाईट वाटते ना."

ज्याच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे त्याला ही कॅप्सूल गजकर्णासाठी देत नाहीत. ती अशा हृदयाला आणखी दुबळं करू शकते. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. हे माझ्या भाषणात होतं. 'हृदयाचा त्रास असेल तर सांगा.' पण रमेशभाऊंना हृदयाचा त्रास नव्हता, मग त्यांनी ते वाक्य कशाला उचलावं?

"आबाजींची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय. फक्त पाय सुजून राहिले. अन् आडवं झालं की दम लागते म्हणते, म्हणून बाजेवर बसूनच झोपून राहिला. वय झालं ना भाऊ."

मी तिथूनच आबाजींच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, कॅप्सूल ताबडतोब बंद, आणि आजच्या आज घेऊन या. मी रमेशभाऊंना म्हटलं, घरी फोन करा, आबाजींना तयार राहायला सांगा.

"मी सांगतलं तं बुढा ऐकन?" रमेशभाऊ म्हणाले. "पोराचं ऐकलं तं तो बाप कायचा? तुमी चला. तुमच्या गोळीवर त्याचा लय विश्वास हाय."

फार्मासिस्ट दुकानात नसेल तर दुकान चालवायचं नाही, असा कायदा आहे. मी शटर ओढलं. बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे न बघता रमेशभाऊंच्या मालाच्या टेम्पोत चढलो. मांडीवर झेंडूचं पोतं होतं. रस्ताभर मी मनात आबाजींसाठी नवं भाषण तयार करत होतो.

त्यांच्या अंगणात झेंडूचे ढीग पडले होते आणि सगळं घर हार ओवत बसलं होतं. आबाजी बाजेवर, पाय खाली सोडून. मी जवळ बसलो, नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. बोलताना वाक्याच्या मध्ये ते थांबत होते.

"चाय ठेव व," ते म्हातारीला म्हणाले. "मेडिकलवाला आला."

"चहा राहू द्या. आबाजी, आपल्याला डॉक्टरकडे जायचं आहे. आणि ती रात्रीची कॅप्सूल आता घ्यायची नाही."

"काहून?"

मी भाषण सुरू केलं. हृदय म्हणजे विहिरीवरची मोटर. मोटरची ताकद कमी झाली की पाणी खालीच तुंबतं. ही कॅप्सूल मोटरची ताकद अजून कमी करते. मला माझीच उपमा फार आवडली. आबाजींनी शेवटपर्यंत ऐकली.

"बाकीच्याईची मोटर नाई बिघडत?"

"त्यांची मोटर चांगली आहे."

"मंग मलेच काहून नाई?"

"तुम्हाला गजकर्णच नाही, आबाजी."

"आज नाई. उद्या झालं तं? तवा तू येशीन का?" ते थांबले, दम घेतला. "तुमी लोकाईनं पयले माहं मीठ बंद केलं. मंग लोणचं. मंग बिडी. मंग म्हणे वावरात जायचं नाई, फुलं तोडायची नाई. पानी बी मोजून. आता घरात एक नवी गोष्ट आली. सगये खाऊन राहिले. तेवढी एक माह्या वाट्याले आली, तं ते बी बंद करायले तू अमरावतीहून आला."

हार ओवणाऱ्यांचे हात थांबले होते. रमेशभाऊ जमिनीकडे बघत होते. आबाजींचा श्वास मात्र सगळ्यांना ऐकू येत होता.

म्हातारी आतून आली. तिच्या हातात शेवटच्या पत्त्यातल्या उरलेल्या कॅप्सूल होत्या. तिनं त्या माझ्या मांडीवर टाकल्या.

"हे घ्या भाऊ. आजपासून या घरात कोणालेच नाई. पोराले नाई, सुनाईले नाई. सगळ्याईची बंद."

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. "सगयाईची?"

"सगळ्याईची."

"रम्याची बी?"

"त्याची बी."

आबाजींनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या घडीत बोट घातलं आणि आतून एक कॅप्सूल काढून माझ्या हातावर ठेवली. "हे बी ठेव. दसऱ्याले खायची होती." आणि म्हातारीला म्हणाले, "माहं धोतर काढ. डाक्टरकडे असं जाऊ का?"

त्यांना टेम्पोत पुढे बसवलं. मी मागे, फुलांच्या पोत्यांत. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं. कॅप्सूल बंद केली तरी तिचा अंमल लगेच उतरत नाही, म्हणून काही दिवस नजरेखाली ठेवायला लागलं. पाणी उतरवायचं औषध वाढवलं. दसऱ्याचं सोनं आबाजींनी दवाखान्यातच वाटलं, नर्सपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना. पान कमी पडलं तेव्हा फाडून अर्धं अर्धं दिलं. दिवाळीच्या आधी ते घरी आले. पायांची सूज उतरली, आडवं झोपता यायला लागलं. आता बाजेवर बसून हार ओवतात. फुलं तोडायला अजून बंदीच आहे, त्याबद्दल शिव्या मला मिळतात.

बाकी घराला मी मॅडमकडे पाठवलं, एकेकाला वेगवेगळं. भावाला आणि वहिनीला मलमावर भागलं. रमेशभाऊंच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, काही नव्हतंच, त्या नुसत्या न्यायासाठी कॅप्सूल घेत होत्या. मॅडमनी सगळ्यांची रक्ततपासणी करवली, सगळी ठीक निघाली. पोटातून औषध लागत होतं ते एकट्या रमेशभाऊंना. पण म्हातारीनं शब्द दिलेला, कोणालेच नाई म्हणून. त्यामुळे रमेशभाऊंनी आपला उरलेला कोर्स जेवण झाल्यावर फुलांच्या शेडमागे जाऊन, इकडे तिकडे बघत पुरा केला. चाळिशी उलटलेला बाप्या माणूस. म्हणायचे, "भाऊ, शाळेत असताना बिडी बी एवढी लपून नाई ओढली."

मला मात्र या प्रकरणात एक गोष्ट राहून राहून टोचते. आबाजींच्या गोळ्या न्यायला रमेशभाऊ त्या दिवसांत एकदा येऊन गेले होते. गोळ्या घेतल्या, मी वेष्टनात बांधून दिल्या, ते गेले. पाय तेव्हाच सुजायला लागले असणार.

आबाजींना दवाखान्यात सोडून मी त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या आणि मी तोऱ्यात होतो. बायको भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. पाय सुजल्याचं ऐकताच मी कसं ओळखलं, डॉक्टरांना कसा फोन लावला, मोटरची उपमा कशी दिली. उपमा दोनदा सांगितली.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि विचारलं, "त्याचे पाय सुजल्याचं तुमाले कसं समजलं?"

"मी विचारलं ना. आबाजी कसे आहेत म्हणून."

"आज विचारलं. याच्या आधी तो बापाच्या गोळ्या न्यायले आला, तवा?"

"तेव्हा गर्दी होती."

"गर्दी नसते. तुमचं भाषण चालू असते." तिनं भाकरी उलटली. "तुमी सांगता ते बरोबरच असते, मी नाई म्हणत नाई. पण त्याच्या घरात काय चालू हाय, ते त्याले सांगायले जागाच नाई राहत. उद्या दुकानात एक स्टूल नेऊन ठेवा."

मला ते पटलं. म्हटलं, "खरं आहे. गिऱ्हाईक बसलं की मोकळं बोलेल."

"गिऱ्हाइकासाठी नाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. तुमी खाली बसा, त्याले बोलू द्या."